गोलाकार प्रीमिक्स्ड ज्वाला: मार्कस्टाइन लांबी त्रिज्येनुसार का बदलते? आणि बन्सेनचं टोक नेमकं कधी उघडतं?

ज्योत७५ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रीमिक्स्ड (इंधन आणि हवा आधीच मिसळलेल्या) ज्वालेवरच्या स्ट्रेचच्या, म्हणजे ज्वालापृष्ठ ताणलं जाण्याच्या, परिणामाबद्दल तीन अडचणी आहेत. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या वाटतात, म्हणून एकाच धाग्यात विचारतोय.

आधी मांडणी सांगतो. दंडगोलाकार चेंबर, आतला व्यास १६० मिमी, लांबीही १६० मिमी. मधोमध दोन बारीक इलेक्ट्रोड, १०० मिमी व्यासाच्या काचेच्या खिडक्या, स्लिरेन (वायूच्या घनतेतले फरक दाखवणारं छायाचित्रण), सेकंदाला ५००० फ्रेम, एक पिक्सेल म्हणजे ०.१ मिमी. सुरुवातीला १ बार आणि २९८ केल्विन.

लिहायला सोपं जावं म्हणून: ज्वालेची त्रिज्या र, जळालेल्या वायूच्या सापेक्ष ज्वालावेग व (इथे हाच त्रिज्या वाढण्याचा दर धरला आहे), स्ट्रेच नसतानाचा तोच वेग व०, मार्कस्टाइन लांबी (स्ट्रेचमुळे वेग किती बदलतो ते सांगणारी) ल, स्ट्रेच क. म्हणजे क = २व/र आणि व = व० − ल × क.

पहिली अडचण. स्टॉइकिओमेट्रिक (इंधनाला नेमकी पुरेल इतकीच हवा असलेल्या) मिथेन-हवेसाठी ५ ते १५ मिमी आणि १५ ते ४० मिमी या दोन टप्प्यांत फिट केलं की ल पूर्णपणे वेगळी येते. मोठ्या त्रिज्येच्या टप्प्यात तर ती शून्याजवळ जाते, कधी ऋणसुद्धा होते. एकाच मिश्रणाची ल एकच यायला हवी ना?

दुसरी. लीन (इंधन कमी, हवा जास्त) हायड्रोजनमध्ये वेग सुरुवातीला त्रिज्येबरोबर कमी होतो आणि पुढे पुन्हा वाढायला लागतो. कुठला भाग खरा धरायचा?

तिसरी. १० मिमी व्यासाच्या बन्सेन नळीवर रिच (इंधन जास्त) प्रोपेनचं टोक उघडतं, मिथेनचं उघडत नाही. वक्रता तर दोन्हींत सारखीच दिसते. टोकाशी उष्णता एकवटते असं वाचलं आहे. मग तिथे ज्वाला विझते कशी?

स्लिरेनवाला

पहिल्या अडचणीचं उत्तर देतो, कारण तिथे भौतिकशास्त्रापेक्षा मोजणीची गल्लत जास्त आहे. तुमचे दोन्ही टप्पे बिघडलेले आहेत, फक्त कारणं वेगळी.

५ मिमीपासून फिट करणं म्हणजे ठिणगीचा परिणाम मोजणं. सुरुवातीच्या काही मिलिमीटरमध्ये ज्वालेला ठिणगीची ऊर्जा ढकलत असते किंवा, लुईस नंबर (उष्णता आणि रेणू यांच्या विसरणक्षमतांचं गुणोत्तर) मोठा असेल तर, ती अजून स्वतःच्या पायावर उभी राहत असते. हवेतल्या हायड्रोकार्बनसाठी बहुतेक जण ६ ते १० मिमीच्या दरम्यान कुठेतरी खालची सीमा धरतात, पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. एकच मिश्रण, एकदा कमी ऊर्जेची ठिणगी, एकदा दुप्पट ऊर्जेची. दोन्हींचे वेग-त्रिज्या आलेख एकावर एक ठेवा. ज्या त्रिज्येला ते एकत्र येतात तिच्या पुढेच फिट सुरू करायचं. लीन प्रोपेनसारख्या जड इंधनात ही त्रिज्या चांगलीच पुढे सरकते.

वरची सीमा तुम्ही ४० मिमी घेतली आहे, आणि खरा घोळ तिथे आहे. हे गणित करून बघा. तुमच्या चेंबरमध्ये ४० मिमी त्रिज्येच्या ज्वालेने आकारमानाचा जेमतेम बारावा भाग व्यापलेला असतो, तरी दाब १० टक्क्यांच्या आसपास चढलेला असतो. त्या दाबाने आतला जळालेला वायू दाबला जातो, म्हणजे तो स्थिर न राहता केंद्राकडे सरकतो. त्याचा सरकण्याचा वेग (र/३) × (दाब वाढण्याचा दर) / (१.२५ × दाब) इतका येतो. १.२५ हे जळालेल्या वायूच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर. आकडे घातले की ४० मिमीला त्रिज्या वाढण्याचा दर खऱ्या ज्वालावेगापेक्षा सुमारे ७ टक्के कमी दिसतो. २४ मिमीला दाबवाढ साधारण २ टक्के, आणि वेगातली घट दीड-दोन टक्के.

आता याच टप्प्यात स्ट्रेचमुळे काय अपेक्षित आहे ते पाहा. ल समजा १ मिमी धरली, तर २४ मिमीला व हा व० च्या ९२ टक्के आणि ४० मिमीला ९५ टक्के हवा. म्हणजे स्ट्रेच ओसरल्यामुळे वेग ३ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि त्याच वेळी बंदिस्तपणामुळे तो ५ टक्क्यांहून जास्त खाली ओढला जातो. बेरीज उलटी पडते. तुमची ल शून्याजवळ का जाते किंवा ऋण का होते, याचं उत्तर हेच आहे. मिश्रणाचा त्यात काही दोष नाही.

न जळलेला वायूही दाबामुळे थोडा तापतो, पण १० टक्के दाबवाढीला जेमतेम ८ केल्विन. तापमानामुळे वाढणारा वेग आणि दाबामुळे घटणारा वेग जवळपास एकमेकांना खोडतात, त्यामुळे मुख्य गुन्हेगार जळालेल्या वायूची हालचालच.

वर केलेला हिशेब ज्वाला सगळीकडून सारखी दाबली जाते असं धरून आहे. दंडगोलात तसंही नसतं. बाजूची भिंत ज्या दिशेला जवळ आहे तिकडे ढकलला जाणारा वायू अडतो आणि भिंतींच्या आकारानुसार प्रवाह वळतो. त्यामुळे दंडगोलाकार चेंबरसाठी वरची सीमा भिंतीच्या त्रिज्येच्या ०.३ पट घेण्याचा प्रघात आहे. तुमच्यासाठी ८० × ०.३ = २४ मिमी. खिडकी १०० मिमीची आहे म्हणून ४० मिमीपर्यंत दिसतं हे खरं, पण दिसतं म्हणून वापरायचं असं नाही.

राहिला ८ ते २४ मिमीचा टप्पा. अडीच मीटर प्रतिसेकंदाला तो सहा-साडेसहा मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे तिसेक फ्रेम. इतक्या बिंदूंचं थेट विकलन करून वेग काढलात तर गोंगाट वाढतो आणि उताराची वाट लागते. विकलन टाळा. व = व० − ल × क हे समीकरण वेळेवर संकलित केलं की

र + २ल × लॉग(र) = व० × ट + स्थिरांक

असं होतं (लॉग नैसर्गिक, ट म्हणजे वेळ). त्रिज्या-वेळ बिंदूंवर हेच थेट फिट करा. व०, ल आणि स्थिरांक असे तीनच अज्ञात राहतात.

फिटसाठी कुठलं मॉडेल घ्यायचं यावरही उत्तर हलतं. तीन रूपं प्रचलित आहेत. पहिलं, वेग स्ट्रेचशी रेषीय. दुसरं, वेग वक्रतेशी रेषीय, म्हणजे व = व० × (१ − २ल/र). तिसरं अरेषीय, ज्यात (व/व०) × लॉग(व/व०) = −२ल/र. ल = १ मिमी धरून १० मिमी त्रिज्येला व/व० अनुक्रमे ०.८३, ०.८० आणि ०.७७ येतं. २४ मिमीला ०.९२, ०.९२ आणि ०.९१. म्हणजे मोठ्या त्रिज्येत तिघांचं एकमत, लहान त्रिज्येत मतभेद. अरेषीय रूपाचं आणखी एक लक्षात ठेवा: र जर ल च्या ५.४ पटींपेक्षा लहान असेल तर त्या समीकरणाला उत्तरच नसतं. ल धन आणि मोठी असेल (लीन प्रोपेन) तेव्हा वक्रतेशी रेषीय रूप बरं चालतं. लुईस नंबर १ पेक्षा कमी असेल तर अरेषीय रूप. स्टॉइकिओमेट्रिक मिथेनला फारसा फरक पडणार नाही, पण कुठलं वापरलं ते लिहिल्याशिवाय ल चा आकडा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दाहक

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यातलं एक गृहीतक आधी सोडवायला हवं: वक्रता आणि स्ट्रेच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्ट्रेच म्हणजे ज्वालापृष्ठाच्या छोट्या तुकड्याचं क्षेत्रफळ, एकक क्षेत्रफळामागे, किती दराने वाढतं. एकक प्रतिसेकंद. तो दोन वाटांनी येतो. एक, प्रवाह पृष्ठाला समांतर दिशेत पसरतो, त्याला स्ट्रेन म्हणू. दोन, वाकलेलं पृष्ठ स्वतःच्या लंबदिशेत सरकतं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ बदलतं, हा भाग ज्वालावेग गुणिले वक्रता. वक्रतेची खूण अशी ठरवू: ज्वालेचा फुगवटा न जळलेल्या वायूकडे असेल तर धन.

समोरासमोरच्या दोन नळ्यांमधली सपाट ज्वाला घ्या. वक्रता शून्य, स्ट्रेच मात्र धन. उलट टोकाचं उदाहरण ज्वालागोलाचं. अतिशय लीन हायड्रोजन मिश्रणात, गुरुत्व नसताना, न सरकणारा, न वाढणारा गोल टिकू शकतो. त्याला वक्रता भरपूर, स्ट्रेच शून्य. झेल्डोविचने १९४४ मध्ये असा गोल शक्य आहे हे गणिताने दाखवलं होतं, आणि १९९७ मध्ये कोलंबिया यानावरच्या प्रयोगांत असे गोल बराच वेळ जळत राहिलेले पाहिले गेले. फार देखणी गोष्ट आहे ही, वेळ काढून वाचा.

आता बन्सेन. ज्वाला स्थिर आहे आणि नळीतून येणारा प्रवाह साधारण समांतर आहे, म्हणजे स्ट्रेन जवळपास शून्य. सगळा स्ट्रेच वक्रतेतून येतो, आणि तो ऋण असतो, कारण शंकूचा फुगवटा जळालेल्या बाजूला आहे. आकडे घालू. प्रवाह १.५ मीटर प्रतिसेकंद, मिथेनचा ज्वालावेग ०.३७. शंकूचा अर्धकोन १४.३ अंश येतो. शंकूच्या बाजूवर ५ मिमी त्रिज्येला स्ट्रेच म्हणजे ०.३७ × ०.९७ / ०.००५, ऋण खुणेने सुमारे ७२ प्रतिसेकंद. टोकाला वक्रतात्रिज्या समजा १ मिमी. तिथे दोन्ही दिशांनी वक्रता आहे, म्हणून २/०.००१ = २००० प्रतिमीटर. आणि टोकाला ज्वाला प्रवाहाला काटकोनात उभी असल्याने तिचा सरकण्याचा वेग प्रवाहाएवढाच, १.५ मीटर प्रतिसेकंद, असायलाच हवा, नाहीतर ती वाहून जाईल. गुणाकार ऋण ३०००. बाजूच्या चाळीस पट!

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. टोकाचा वेग सपाट ज्वालेच्या चौपट आहे, पण तिथे दर चौरस मिलिमीटरला चौपट इंधन जळतं असा त्याचा अर्थ नाही. ज्वालेचा सरकण्याचा वेग आणि इंधन खाण्याचा वेग हे दोन वेगळे वेग आहेत. लुईस नंबर १ च्या आसपास असेल तर खाण्याचा वेग टोकालाही ०.३७ च्या जवळच राहतो. बाकीचा फरक आडव्या दिशेच्या विसरणातून येतो: वाकलेल्या ज्वालेत उष्णता आत एकवटते आणि येणारा वायू आधीच तापवून ठेवते. ऋण वक्रतेला सरकण्याचा वेग वाढतो तो यामुळे. सिम्युलेशन करणाऱ्यांनी हे दोन वेग एकाच आलेखात मिसळले की मोठा गोंधळ होतो.

तुम्ही जे वाचलं, ‘टोकाशी उष्णता एकवटते’, ते खरं आहे, पण अर्धंच. उष्णता जळालेल्या बाजूकडून न जळलेल्या बाजूकडे जाते, आणि टोकाशी ती वाट अरुंद होत जाते, म्हणून एकवटते. रेणू उलट दिशेने जातात, न जळलेल्या बाजूकडून ज्वालेकडे, आणि त्यांची वाट टोकाशी रुंदावते, म्हणून ते पांगतात. उष्णतेची कमाई आणि इंधनाची उधळण एकाच वेळी चालू असते. कोण जिंकतं ते लुईस नंबर ठरवतो: उष्णतेची विसरणक्षमता भागिले कमी पडणाऱ्या घटकाची विसरणक्षमता.

कमी पडणारा घटक, हे शब्द महत्त्वाचे. लीन मिश्रणात तो इंधन असतो, रिच मिश्रणात ऑक्सिजन. लीन प्रोपेनचा लुईस नंबर सुमारे १.८, कारण प्रोपेनचा जड रेणू हळू पसरतो. टोकाशी उष्णतेची कमाई जास्त, त्यामुळे टोक अधिक गरम आणि उजळ. तेच प्रोपेन रिच केलं की सूत्रं ऑक्सिजनकडे जातात आणि लुईस नंबर १ च्या खाली येतो. टोकाशी ऑक्सिजनची उधळण उष्णतेच्या कमाईपेक्षा जास्त होते, ज्वालेचं तापमान पडतं आणि टोक उघडतं. मिथेनमध्ये लीन बाजूला लुईस नंबर ०.९७ च्या आसपास आणि रिच बाजूला १ च्या किंचित वर. दोन्हीकडे तोल इतका जवळचा की टोक बंदच राहतं. लीन हायड्रोजनला ०.३ ते ०.४, तिथे टोक सर्रास उघडतं.

आणि हेच सगळं धन स्ट्रेचला उलटं होतं. बाहेर पसरणाऱ्या गोलात लीन हायड्रोजन अधिक गरम जळतो, लीन प्रोपेन कमी गरम. म्हणून पहिल्याची ल ऋण, दुसऱ्याची धन.

उघडलेलं टोक पाहताना एक सावधगिरी. रिच ज्वालेभोवती बाहेरच्या हवेशी जळणारा दुसरा शंकू असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी त्याच्या उजेडात आतलं टोक नीट कळत नाही. शिवाय रिच ज्वालेची हिरवट चमक ही कार्बन-कार्बन मूलकाची, उष्णता निर्मितीची नव्हे. ४३० नॅनोमीटरचा बँडपास फिल्टर लावून सीएच मूलकाचा उजेड टिपा. फिल्टरशिवाय काढलेल्या फोटोवरून टोक बंद आहे की उघडं, हे मी तरी ठरवणार नाही. आणि बन्सेनवरून ज्वालावेग काढायचा असेल तर टोक आणि नळीच्या काठाजवळचा भाग सोडून फक्त बाजूच्या सरळ भागाचा कोन घ्या. एकूण क्षेत्रफळाने भागण्याची पद्धत उघड्या टोकाला सरळ चुकीचं उत्तर देते, कारण थोडा वायू न जळताच निसटलेला असतो.

जाळीकार

हायड्रोजनचं मी घेतो.

तुम्हाला दिसतंय ते दोन्ही खरं आहे, फक्त दोन वेगळ्या घटना आहेत. ल ऋण असल्यामुळे लहान त्रिज्येला, म्हणजे जास्त स्ट्रेचला, वेग जास्त. त्रिज्या वाढते तसा स्ट्रेच उतरतो आणि वेग कमी होतो. हा भाग मार्कस्टाइनचा. पुढे वेग पुन्हा वाढतो तेव्हा ज्वालेवर पेशी (लहान फुगवट्या-खळग्यांची जाळी) तयार झालेल्या असतात, खरं पृष्ठफळ गोलाच्या पृष्ठफळापेक्षा मोठं झालेलं असतं, आणि तुमची ‘त्रिज्या’ हा फक्त सरासरी आकार उरतो. तिथून पुढचे बिंदू फिटमध्ये अजिबात घ्यायचे नाहीत. प्रत्यक्षात वेग वाढू लागण्याच्या थोडं आधीच थांबावं लागतं, कारण पेशी दिसायला लागतात तेव्हा अस्थिरता आधीच वाढत असते.

पेशी येण्याची कारणं दोन. एक, घनतेतल्या फरकामुळे प्रत्येक प्रीमिक्स्ड ज्वालेला असणारी अस्थिरता, जी दारियूने १९३८ मध्ये आणि लांदाऊने १९४४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. दोन, लुईस नंबर पुरेसा लहान असताना येणारी विसरणाची अस्थिरता: पुढे आलेला फुगवटा धन स्ट्रेचमुळे आणखी गरम होतो आणि आणखी पुढे जातो, मागचा खळगा थंड होऊन मागे पडतो. घनता स्थिर धरलेल्या साध्या मॉडेलमध्ये झेल्डोविच नंबर (अभिक्रिया तापमानाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा) गुणिले (लुईस नंबर − १) हे उणे २ च्या खाली गेलं की ही सुरू होते. झेल्डोविच नंबर १० असेल तर लुईस नंबर ०.८ च्या खाली. लीन हायड्रोजन त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहे. छोटा गोल असताना स्ट्रेच इतका जास्त असतो की तो पेशींची वाढ दाबून ठेवतो, गोल मोठा झाला की ती सुटते.

स्लिरेन चित्रात ज्वालापृष्ठावरच्या भेगा बघताना फरक करा. इलेक्ट्रोडपासून निघून त्रिज्येच्या दिशेने पसरणाऱ्या एक-दोन भेगा पहिल्याच काही फ्रेममध्ये दिसतात. त्या तारेने ज्वाला अडल्यामुळे येतात, इलेक्ट्रोड बारीक केले की कमी होतात. सगळ्या पृष्ठावर एकाच वेळी उमटणारी जाळी ही खरी अस्थिरता. पहिल्या प्रकारच्या भेगा काही काळ तशाच मोठ्या होत राहतात, तोवर वेगावर त्यांचा परिणाम फारसा नसतो.

मग लीन हायड्रोजनसाठी उपयोगी टप्पा इतका आखूड उरतो की एकरेषीय फिटवर भरवसा ठेवणं अवघड. दोन उपाय आहेत. नायट्रोजनच्या जागी हेलियम घेतला की मिश्रणाची उष्णता पसरवण्याची क्षमता वाढते, लुईस नंबर चढतो आणि पेशी लांबणीवर पडतात. पण मग ते वेगळं मिश्रण झालं. रासायनिक यंत्रणा तपासण्यासाठी ते उत्तम, हवेतल्या हायड्रोजनचा आकडा हवा असेल तर निरुपयोगी. दुसरा उपाय दाब कमी करण्याचा. दाब कमी केला की ज्वाला जाड होते आणि पेशी उशिरा येतात. दाब वाढवलात तर बरोबर उलटं होईल, हे आधीच लक्षात घेऊन प्रयोगांचं वेळापत्रक बनवा.

पडताळ्यासाठी कँटेरा या ज्वालांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये समोरासमोरच्या दोन जुळ्या प्रीमिक्स्ड ज्वालांचं मॉडेल चालवा. आधी मिक्स्चर-अॅव्हरेज्ड ट्रान्सपोर्ट (विसरणाचं सोपं, सरासरी गणित), मग सगळ्यांचा लुईस नंबर १ धरून, मग मल्टिकम्पोनन्ट (विसरणाचं सविस्तर गणित) घेऊन सोरे परिणाम (तापमानातल्या फरकामुळे होणारं विसरण) सुरू करून. पहिल्या दोघांतला फरक म्हणजे लुईस नंबरचा वाटा. तिसऱ्याने हायड्रोजनमध्ये काय बदलतं ते डोळ्यांत भरेल. हलके रेणू गरम बाजूकडे ओढले जातात आणि स्ट्रेचला मिळणारा प्रतिसाद बदलतो. हायड्रोजनसाठी सोरे बंद ठेवून मार्कस्टाइन लांबी काढू नका. सिम्युलेशनची जाळी (ग्रिड) किती बारीक हवी ते ठरवणारे आकडे स्लोप ०.०५, कर्व्ह ०.१ पासून सुरुवात करा आणि ते निम्मे करून वेग १ टक्क्याच्या आत राहतो का ते बघा.

खाण्याचा वेग काढायचा तर उष्णता निर्मितीचं संकलन करून त्याला न जळलेल्या घनतेने, विशिष्ट उष्णतेने आणि तापमानवाढीने भागा. ज्वालेच्या अलीकडचा किमान प्रवाहवेग हा मोजायला सोपा, पण तो शून्य स्ट्रेचला सरळ रेषेने नेला की उत्तर जास्त येतं, कारण खऱ्या आलेखाला तिथे वाक असतो.

विझण्यातही फरक दिसेल. लुईस नंबर १ पेक्षा मोठा असेल तर स्ट्रेच वाढवत नेल्यावर जुळ्या ज्वाला मध्यप्रतलापासून अंतर राखूनच विझतात. लहान असेल तर त्या मध्यप्रतलाला भिडेपर्यंत तग धरतात आणि मग जळायला पुरेसा वेळच न उरल्याने विझतात.

ज्योत७५

सगळ्यांचे मनापासून आभार. ८ ते २४ मिमी आणि संकलित रूप वापरून मिथेनचे आकडे पुन्हा काढतो. एक शंका उरली. जुळ्या ज्वालांच्या मॉडेलमधून आलेली मार्कस्टाइन लांबी आणि गोलातून आलेली ल यांची थेट तुलना करता येईल का? आणि मार्कस्टाइन नंबर (ल भागिले ज्वालेची जाडी) द्यायचा तर कुठल्या जाडीने भागू?

दाहक

थेट तुलना नको. एक कारण गणिताचं, दुसरं भौतिकशास्त्राचं.

गणिताचं असं. तुमचं समीकरण जळालेल्या वायूच्या सापेक्ष वेगाचं आहे, आणि तो वेग घनतेच्या गुणोत्तराइतका मोठा असतो. स्टॉइकिओमेट्रिक मिथेनला न जळलेली घनता भागिले जळालेली घनता म्हणजे साधारण ७.५. ०.३७ चा ज्वालावेग तिथे २.८ मीटर प्रतिसेकंद होतो. समीकरणाच्या दोन्ही बाजू ७.५ ने भागून ०.३७ च्या पातळीवर आणल्या की ल सुद्धा ७.५ ने भागली जाते. १ मिमीची ०.१३ मिमी होते. हा भागाकार राहून गेल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे सातपट वेगळे दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे.

भौतिकशास्त्राचं कारण अधिक खोल आहे. ज्वालेला जाडी आहे, आणि वेग तिच्यातल्या कुठल्या पृष्ठावर मोजला यावर स्ट्रेचचा प्रतिसाद अवलंबून असतो. जळालेल्या कडेवर, अभिक्रियेच्या पातळ थराशी मोजलात तर सौम्य स्ट्रेचसाठी एकच मार्कस्टाइन नंबर पुरतो. न जळलेल्या बाजूच्या एखाद्या पृष्ठावर मोजलात तर वक्रतेसाठी एक आणि स्ट्रेनसाठी दुसरा, असे दोन लागतात. तुमच्या गोलात दोन्ही एकत्र आहेत, जुळ्या ज्वालांत फक्त स्ट्रेन. तुलना करायचीच असेल तर गोल ज्वालाच सिम्युलेट करा, त्याच त्रिज्येच्या टप्प्यात, त्याच फिटने, आणि तेव्हा ल शी ल ताडा.

जाडीबद्दल: उष्णतेची विसरणक्षमता भागिले ज्वालावेग घेतलं तर ०.०६ मिमी येतं. तापमानाच्या कमाल चढावरून काढलेली जाडी ०.४५ मिमीच्या आसपास. एकाच ज्वालेच्या या दोन जाड्या, सातपट अंतराच्या! १ मिमीला ०.०६ ने भागलं तर १६ च्या पुढे, ०.४५ ने भागलं तर २.२. आणि घनतेच्या गुणोत्तराने भागलेल्या ०.१३ ला ०.०६ ने भागलं तरी २.२ च येतं. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यामुळे चुकीची व्याख्या वापरूनही आकडे जुळल्यासारखे वाटतात आणि चूक लपते.

म्हणून तक्त्यात मार्कस्टाइन नंबर नको, ल मिलिमीटरमध्ये द्या. शेजारी जाडीची व्याख्या, घनतेचं गुणोत्तर, फिटचं रूप आणि त्रिज्येचा टप्पा लिहा. ज्याला जो नंबर हवा तो काढून घेईल.

स्लिरेनवाला

त्यात एक रकाना वाढवा: शेवटच्या वापरलेल्या फ्रेमला दाब किती टक्के चढला होता. आणि ज्वालावेग ०.१५ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली असणारी मिश्रणं वेगळी ठेवा. ती तरंगत वर जातात, गोल राहत नाहीत, आणि उष्णतेच्या प्रारणाने जळालेला वायू थंड होऊन आत ओढला जातो, म्हणजे वर सांगितलेलीच चूक दाब न चढताही शिरते. अशा वेळी आडवा आणि उभा व्यास वेगवेगळे मोजा. दोघांत ५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की तिथेच फिट थांबवतो मी.